गाणं ऐकणाऱ्यांच्या हाती काम द्या

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी नाशिकला इंदिरानगरमध्ये राहते. बँकेतून निवृत्त झाले आहे. २०२० च्या टाळेबंदीत आम्ही चार मैत्रिणींनी नाट्यसंगीत, भावगीतं आणि शास्त्रीय गाण्यासाठी एक व्हॉट्सॲप ग्रुप सुरू केला. बघता बघता सहाशेच्या वर माणसं झाली. नाशिकची आहेत, पुण्या-मुंबईची आहेत, मुलांकडे अमेरिकेत गेलेली आहेत. पहिली दोन वर्षं इतकं सुंदर चाललं होतं! कुणी रात्री एखादं पद टाकायचं आणि त्यावर मध्यरात्र उलटेपर्यंत बोलणं चालायचं. आता तेच दहा-बाराजण बोलतात, बाकीचे फक्त बघतात. सकाळी सुप्रभातची फुलं, दुपारी यूट्यूबच्या लिंका, रात्री 'अमुक गायक मोठा की तमुक' यावरून भांडणं. दोन जाणकार मंडळी कंटाळून सोडून गेली, त्याचं फार वाईट वाटलं. मुलगा म्हणतो, इन्स्टाग्रामवर जा, तरुण तिथे आहेत. एक सभासद म्हणतात, आपलं स्वतःचं ॲप काढू. तिसरे म्हणतात, कालिदास कलामंदिरात मोठा कार्यक्रम करू, तिकीट लावू. कराओकेचे वर्ग घेणारे एकजण रोज जाहिरात टाकतात, त्यांना काय सांगावं कळत नाही. हे सगळं नुसत्या गप्पांच्या पलीकडे न्यायचं आहे, पण कुठे आणि कसं? खरं सांगायचं तर मी दमले आहे. ॲडमिनपद सोडून द्यावं का?
— एक श्रोता, नाशिक

ताई, नमस्कार.

"बाकीचे फक्त बघतात," असं तुम्ही लिहिलंय आणि त्यात थोडी तक्रार आहे. ती आधी मनातून काढून टाका. मैफलीत पुढच्या रांगेतले चारजण समेवर मान हलवतात, मोठ्याने दाद देतात. मागे खांबाला टेकून बसलेला माणूस तोंडातून अक्षर काढत नाही, पण घरी जाताना तीच बंदिश गुणगुणत जातो. तुमच्या ग्रुपातली बहुतेक माणसं अशी मागे बसलेली आहेत. इतकी वर्षं ती टिकून आहेत, म्हणजे त्यांना गाणं हवं आहे. त्यांना बोलतं करण्याचा आग्रह धरलात तर ती अवघडतील. त्यांच्यापाशी बोलण्यासारखं काही नसेलही, देण्यासारखं मात्र नक्की असेल. कुणाच्या माळ्यावर वडिलांच्या कॅसेट्सची पेटी असेल. कुणाचा दिवाणखाना मोठा असेल. कुणी शाळेत आयुष्यभर मराठी शिकवलं असेल आणि शुद्ध टाइप करत असेल. कुणाकडे चारचाकी आणि मोकळी संध्याकाळ असेल.

पहिली दोन वर्षं बहरली कारण प्रत्येकाकडे साठा होता. आयुष्यभर ऐकलेलं, जपलेलं, कुणाला सांगायला न मिळालेलं सगळं त्या टाळेबंदीत बाहेर आलं. तो साठा आता सांगून झाला आहे. आवडत्या पदाबद्दल माणूस दोनदा हळहळून लिहितो, तिसऱ्यांदा अंगठा दाखवतो, चौथ्यांदा तेही करत नाही. सभासद वाढवले तरी हेच होईल. सहाशेचे नऊशे झाले तर फुलं आणि लिंका तेवढ्या वाढतील. तुमच्या ग्रुपला एक काम हवं आहे, सर्वांनी मिळून करायचं आणि एकट्याला न उरकणारं. मला तुम्हाला मुख्य सांगायचंय ते एवढंच. बाकी जे लिहितोय ते हे काम कोणतं आणि कसं, याबद्दल आहे.

गाण्याच्या चाहत्यांनी एकत्र येणं इंटरनेटच्या आधीपासून चालत आलंय. रेडिओ सिलोनवर १९५२ पासून अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि गावोगावी श्रोत्यांचे संघ निघाले. अभ्रकाच्या खाणींचं झुमरीतलैया हे गाव आज झारखंडात आहे. देशभर ते माहीत झालं ते निव्वळ तिथून येणाऱ्या फर्माइशींच्या पत्रांमुळे. या श्रोत्यांतले बरेचसे पत्रांपाशी थांबले. काहीजण पुढे गेले. कानपूरचे हरमंदिर सिंग 'हमराज' स्टेट बँकेत नोकरी करत होते, तुमच्यासारखेच बँकेतले. त्यांनी बोलपटांच्या आरंभापासूनच्या, म्हणजे १९३१ पासूनच्या हिंदी चित्रपटगीतांचा कोश करायला घेतला. कोणत्या चित्रपटात कोणतं गाणं, कुणी लिहिलं, कुणी चाल दिली, कुणी गायलं, रेकॉर्डचा क्रमांक काय. दशकामागून दशक घेत त्याचे मोठाले खंड झाले. संगणक नव्हता. पोस्टकार्डं होती आणि आपल्या घरातल्या रेकॉर्डवरचा क्रमांक उतरवून पाठवणारे श्रोते होते. आज कुठल्याही ॲपवर जुन्या गाण्याचा गीतकार चुकीचा दिसला, तर खात्री करायला जाणकार हाच कोश उघडतात.

मुंबईतही १९९० साली जुन्या ध्वनिमुद्रिका जमवणाऱ्यांनी 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्था काढली. एकत्र बसून रेकॉर्डी ऐकायच्या आणि जे कळलं ते 'द रेकॉर्ड न्यूज' या नियतकालिकात छापायचं, असं त्यांनी चालवलं. आणि इंटरनेटवरच जमलेल्या चाहत्यांचं उदाहरण हवं असेल तर मॅरिलियन नावाच्या इंग्लिश बँडचं घ्या. १९९७ मध्ये अमेरिकेत दौरा करायला त्यांच्याकडे पैसे नव्हते. चाहत्यांनी नेटवर आपापसात बोलून साठ हजार डॉलर जमवले आणि दौरा घडवला. त्यांच्यासमोर एक नेमकं काम होतं, म्हणून गप्पांचं रूपांतर कृतीत झालं.

तुमचं काम तर तुमच्या दारातच आहे. ग्रुपवर एकदा विचारून बघा : पंडित दत्तात्रेय विष्णू पलुस्कर यांचा जन्म कुठला? किती उत्तरं 'नाशिक' अशी येतात ते पाहा. २८ मे १९२१ ला ते तुमच्या गावात जन्मले. वडील पंडित विष्णू दिगंबर यांनी आयुष्याच्या अखेरच्या काळात पंचवटीत रामनाम आधार आश्रम चालवला होता. दहा वर्षांचा मुलगा मागे ठेवून १९३१ मध्ये ते गेले. त्या मुलाने, बापूरावांनी, जेमतेम चौतीस वर्षांचं आयुष्य लाभूनही मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीवर तीन-साडेतीन मिनिटांत रागाचं पूर्ण रूप कसं उभं करायचं हे दाखवून दिलं. १९५२ च्या 'बैजू बावरा'त उस्ताद अमीर खाँ यांच्याबरोबरची देसी रागातली त्यांची जुगलबंदी तर शास्त्रीय न ऐकणाऱ्यांनाही ठाऊक असते. २६ ऑक्टोबर १९५५ ला ते गेले.

वडिलांबद्दलही थोडं थांबून सांगायला हवं, कारण तुम्ही जे करू पाहताय ते त्यांनी त्यांच्या काळात करून ठेवलंय. गाणं राजेरजवाड्यांच्या दिवाणखान्यात होतं, ते त्यांनी तिथून उचलून लोकांत आणलं. ५ मे १९०१ ला लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं तेव्हा त्यामागे कुणी संस्थानिक नव्हता. लोकांच्या वर्गणीवर आणि मैफलींच्या उत्पन्नावर ते चाललं. स्वरलिपी तयार केली, पुस्तकं छापली आणि मुख्य म्हणजे शिष्य घडवून गावोगाव पाठवले. त्यांच्या निधनानंतर त्याच १९३१ साली शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ उभं केलं, आणि आज आपली नातवंडं ज्या प्रवेशिका-मध्यमा परीक्षांना बसतात त्या याच मंडळाच्या. एका माणसाभोवती जमलेली मंडळी त्या माणसामागेही टिकली, कारण प्रत्येकाला आपापलं काम नेमून दिलेलं होतं. ताई, तुमच्या ॲडमिनपदाच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे. उरलेल्या अर्ध्याकडे शेवटी येतो.

तर काम असं सुचवतो : नाशिकच्या गाण्याची नोंद. गेल्या साठ-सत्तर वर्षांत या गावात कोण गायलं, कुठे गायलं, साथीला कोण होतं, काय गायलं. परशुराम साईखेडकर नाट्यगृहातले नाटकांचे प्रयोग, कालिदास कलामंदिरातल्या मैफली, पिंपळपारावरची पाडवा पहाट, घाटावर देवळांतून झालेलं गाणं, वाड्यांतल्या खासगी बैठका. यातलं फार थोडं छापलं गेलंय. बाकीचं सत्तरी-ऐंशीतल्या माणसांच्या आठवणीत आहे आणि त्या माणसांपैकी कितीतरी तुमच्याच ग्रुपात गप्प बसून आहेत. जुनी निमंत्रणपत्रिका, तिकिटाचा तुकडा, मैफलीचा फोटो, वहीत टिपलेला रागांचा क्रम, असं काहीही चालेल. एक साधा तक्ता करा : कलाकार, ठिकाण, साल, साथीदार, काय गायलं आणि ही माहिती कुणी दिली. शेवटच्या रकान्यात न चुकता लिहायचं की याला पुरावा आहे की ही आठवण आहे. आठवणीला कमी लेखायचं नाही, पण पुराव्याच्या खान्यात ती जाता कामा नये. हे पथ्य पाळलंत तर उद्या एखादा संशोधक तुमचा तक्ता विश्वासाने उघडेल.

बघा, यात गप्प माणसालाही शिरायला वाट आहे. त्याला मत द्यायचं नाही. भांडायचं नाही. कपाट उघडून एक कागद शोधायचाय आणि त्याचा फोटो पाठवायचाय. अमेरिकेतल्या मंडळींना तक्ता भरण्याचं आणि तपासण्याचं काम द्या. नाशिकपासून लांब गेलेल्या माणसाला नाशिकचं काम मिळालं की तो किती मनापासून करतो, ते तुम्हाला दिसेलच.

दुसरी गोष्ट म्हणजे समोरासमोर बसून ऐकणं, श्रवणसत्र. कालिदासच्या तिकीट लावलेल्या कार्यक्रमाला मी आत्ता नाही म्हणेन. मोठं सभागृह घेतलं की भाडं, ध्वनिव्यवस्था, प्रायोजक, पाहुणे, हारतुरे या सगळ्यात सहा महिने जातात आणि कार्यक्रम संपला की मंडळी पांगतात. पंचवीस माणसं मावतील अशी खोली बघा. कुणाचा दिवाणखाना, सोसायटीचा हॉल, नाहीतर सार्वजनिक वाचनालयाकडे चौकशी करा. १८४० पासून चालत आलेली ही संस्था आहे आणि वाचकांसारखेच श्रोतेही तिला परके नाहीत. पंचवीसच्या जागी चाळीस येऊ लागले की मग मोठ्या जागेचा विचार.

वार आणि वेळ एकदाच ठरवा आणि बदलू नका. समजा, महिन्याचा तिसरा शनिवार, संध्याकाळी साडेपाच ते सात. नाशिक आता पसरलंय. सातपूर, सिडको, पंचवटी, नाशिकरोड, देवळाली, कुठूनही कुठे जायचं तर तास मोडतो. एकट्या येणाऱ्या ज्येष्ठ बायकांना सातला निघून सिटीलिंकच्या बसने वेळेत घरी पोहोचता आलं पाहिजे. एक महिना इंदिरानगर-सिडकोकडे, पुढचा पंचवटीत, त्यापुढचा नाशिकरोडला, असं फिरतं ठेवलंत तर कुणालाच कायम लांब पडणार नाही. २०२७ च्या सिंहस्थात पर्वणीच्या दिवसांत पंचवटी टाळा, एवढं आत्ताच लिहून ठेवा.

सत्र कसं चालवायचं याबद्दल माझी मतं जरा ठाम आहेत. दीड तासात आठ-नऊ ध्वनिमुद्रणं पुरे. लावण्याआधी दोन मिनिटं बोलायचं, लागलं की कुणीही बोलायचं नाही, आणि गाणं अर्ध्यावर तोडायचं नाही. निवेदन करणारा दर वेळी वेगळा हवा, आणि तो जाणकारच हवा असं मुळीच नाही. 'मला हे पद का आवडतं' हे मनापासून सांगणारी गृहिणी कित्येकदा घराण्यांचा इतिहास सांगणाऱ्यापेक्षा जास्त ऐकवते. प्रत्येकाच्या हातात एक छापील कागद द्या : गायक, राग, ताल, साथ, साल. तो कागद लोक जपून ठेवतात. ब्लूटूथचे पिटुकले स्पीकर नकोत. एका चांगल्या स्पीकरवर खर्च करा. जुनी ध्वनिमुद्रणं मोनो आहेत, त्यामुळे दोन स्पीकरांचा हट्ट धरायचं कारण नाही. तो बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर ठेवा आणि भिंतीच्या कोपऱ्यात ढकलू नका, खर्ज घुमतो.

पहिल्या सत्राचा विषय बापूराव पलुस्कर. यावर दुसरा विचारही करू नका.

ते ग्रुपवरचं 'कोण मोठा' भांडणही याच खोलीत मिटेल. एकच राग तीन घराण्यांच्या गायकांचा निवडा, नावं न सांगता ऐकवा आणि प्रत्येकाला काय ऐकू आलं ते दोन ओळींत लिहायला सांगा. नावं शेवटी. जी माणसं फोनवर हमरीतुमरीवर येतात ती अशा वेळी एकमेकांचे कागद उत्सुकतेने वाचतात. सोडून गेलेल्या दोन जाणकारांना परत ग्रुपात यायचा आग्रह करू नका. त्यांच्या घरी जा आणि एकेक सत्र घ्यायला सांगा. ते नाही म्हणतील असं मला वाटत नाही.

बाहेरगावच्यांसाठी दोन महिन्यांतून एक सत्र झूमवर ठेवा. रविवारी संध्याकाळी साडेसातला आपल्याकडे बसलात तर न्यूयॉर्कला सकाळचे नऊ-दहा वाजलेले असतात, तिकडची मंडळी चहा घेत ऐकतील. एक तांत्रिक गोष्ट सांभाळा. झूम पार्श्वभूमीचा गोंगाट काढून टाकतं आणि तानपुऱ्याचा अखंड सूर त्याला गोंगाटच वाटतो. म्हणून 'ओरिजिनल साउंड'ची सोय चालू करा, नाहीतर सूर मधूनच गिळला जाईल.

आता कॅसेट्स आणि रेकॉर्डी. नोंदीचं काम सुरू झालं की त्या येणारच. त्याबद्दल घाई करू नका, कारण इथलं नुकसान भरून येत नाही. ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या लाखेच्या असतात. त्या स्पिरिटने किंवा अल्कोहोलने कधीही पुसायच्या नाहीत, लाख विरघळते. एलपीची सुई त्यांना चालत नाही. ७८ ची खाच रुंद असते, तिला जाड सुई लागते. एलपीच्या सुईने वाजवलं तर ती खाचेच्या तळाशी घासत जाते आणि खरखर वाढते. कॅसेटवर बुरशीचे पांढरे डाग असतील तर ती चांगल्या डेकमध्ये घालू नका, डेकही खराब होतो आणि पुढच्या कॅसेटही. डेकचं हेड स्वच्छ करून, कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि मागे फिरवून मगच उतरवायला घ्या. उतरवताना डब्ल्यूएव्ही, म्हणजे आवाज न दाबता साठवणारी फाइल करा, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. एमपी३ नंतर कधीही काढता येते. उलट प्रवास होत नाही. तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या घरात. आणि फाइलला नाव देताना 'जुनं गाणं १' असलं काही नको. गायक, राग, साल, ठिकाण, कॅसेट कुणाची, एवढं नावातच यायला हवं. मूळ कॅसेट ज्याची त्याला परत करा, पोच लिहून घ्या. असल्या कामात माणसं दुरावतात ती बहुतेक वेळा परत न आलेल्या वस्तूवरून.

कायद्याचंही बघायला हवं. ते अवघड वाटतं, पण मुळात सोपं आहे. प्रकाशित ध्वनिमुद्रणावरचा हक्क आपल्या कायद्यानुसार प्रकाशनाच्या पुढच्या वर्षारंभापासून ६० वर्षं असतो. म्हणजे १९६० साली निघालेल्या रेकॉर्डवरचा हा हक्क २०२० अखेर संपला. मात्र शब्द आणि चाल यांचे हक्क वेगळे, ते कवी आणि संगीतकाराच्या निधनानंतर ६० वर्षं राहतात. त्यामुळे रेकॉर्ड जुनी आहे एवढ्यावर ती नेटवर टाकायला मोकळी होत नाही. नफ्यासाठी न चालणाऱ्या मंडळाने आपल्या उपक्रमाचा भाग म्हणून ध्वनिमुद्रण ऐकवणं कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये हक्कभंग मानलेलं नाही, म्हणून तुमचं विनातिकीट सत्र निर्धास्त करा. तिकीट लावलंत, प्रायोजक घेतलात की गोष्ट बदलते. तेव्हा आयपीआरएस (गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणारी संस्था) आणि पीपीएल (रेकॉर्ड कंपन्यांचे हक्क सांभाळणारी संस्था) यांच्या परवान्याची चौकशी करावी लागेल आणि ओळखीच्या वकिलांना आधी विचारावं लागेल. खासगी मैफलीच्या कॅसेट्सचा मामला अधिक नाजूक आहे. गाणाऱ्यालाही कलाकार म्हणून ५० वर्षांचा हक्क असतो, आणि कायद्याच्या पलीकडेही, एखाद्या घरातल्या बैठकीत मोकळेपणाने गायलेलं जगाला ऐकवायचं की नाही हे त्या कुटुंबाने ठरवायचं आहे. लेखी परवानगी मिळेपर्यंत नोंद करा, प्रत जपा, ऐकवू नका.

तुमच्या मुलाचं म्हणणं बरोबर आहे, फक्त क्रम चुकतोय. इन्स्टाग्रामवर आधी जाऊन काय दाखवणार? चार सत्रं होऊ द्या, तक्त्यात दोनशे नोंदी होऊ द्या. मग दाखवायला तुमचं स्वतःचं काहीतरी असेल : एका जुन्या निमंत्रणपत्रिकेचा फोटो आणि त्यामागची गोष्ट एका आजोबांच्या आवाजात, मिनिटभरात. हे खातं मुलाकडेच सोपवा आणि काय टाकावं यात फार ढवळाढवळ करू नका.

तरुणांना शोधायला मात्र फोनच्या बाहेर पडा. नाशिकचा ढोल महाराष्ट्रभर मिरवणुकांत गाजतो. गणपतीच्या आधीचे कितीतरी दिवस पथकांतली पोरं-पोरी संध्याकाळी सराव करतात, घामाघूम होतात, हात सोलवटतात, तरी येतात. गाण्या-बजावण्याचं वेड असलेले तरुण आणखी कुठे शोधायचे? त्यांच्यातल्या दोघांना एका सत्राला बोलवा. ढोलाचे ठेके, ताशाची तर्री त्यांनी समजावून सांगावी आणि मग तुमच्यातल्या तबलजींनी तोच ठेका तबल्यावर दाखवावा. तुमच्यापैकी काहींना हे रुचणार नाही, 'आपला विषय शास्त्रीय आहे' असं म्हणतील. त्यांना एवढंच सांगा की विष्णू दिगंबरांनी गाणं जिथे लोक होते तिथे नेलं होतं. पाडवा पहाटेला पिंपळपारावर जमणारी गर्दी हीसुद्धा तुमचीच माणसं आहेत. पुढच्या वर्षभराच्या सत्रांच्या तारखा छापलेलं एक कार्ड करा आणि आयोजकांना विचारून तिथे वाटा. मोठ्या जाहिरातीची गरज पडणार नाही.

ॲप नको. पैसे जातील, ते करणारा माणूस दोन वर्षांनी नोकरीनिमित्त बंगळुरूला जाईल आणि कुणाला ते उघडताही येणार नाही. साधा तक्ता आणि फाइलींची साठवण पुरते.

कराओकेवाल्या गृहस्थांना तोडू नका. गाण्यावर पोट असणाऱ्या माणसाने जाहिरात करणं गैर नाही. महिन्याचा पहिला रविवार हा जाहिरातींचा दिवस ठरवा : वर्ग, कार्यक्रम, वाद्यविक्री, सगळ्यांनी त्या दिवशी टाकावं, इतर दिवशी नाही. शिवाय त्यांच्याकडे ध्वनियंत्रणा असेल आणि ती हाताळायची सवयही. सत्राच्या आवाजाची जबाबदारी त्यांना देऊन बघा. सुप्रभातच्या फुलांसाठी वेगळा ग्रुप काढा. ज्यांना हवी ती तिथे घेतील, त्यांचाही मान राखला जाईल.

पैशाचं थोडक्यात. सुरुवातीला सत्राला येणाऱ्याने चहा-छपाईपुरते पैसे डब्यात टाकावेत आणि दर महिन्याचा जमाखर्च ग्रुपवर लिहावा, अगदी अठ्ठेचाळीस रुपये शिल्लक असले तरी. संस्था नोंदवायची घाई नको. सात माणसं जमली की १८६० च्या कायद्याखाली सोसायटी नोंदवता येते, आणि आपल्या राज्यात सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंदणी करावी लागते, मग दरवर्षीचे हिशेब, तपासणी, बदल अर्ज हे सगळं मागे लागतं. देणग्या येऊ लागल्या, कुणी आपला संग्रह कायमचा देऊ केला, तेव्हा ते करणं भागच आहे. त्याआधी तुमच्यासारख्या बँकेतल्या माणसाने वही नीट ठेवली तरी पुरे.

आणि आता ॲडमिनपद. सोडा, पण एकदम नाही. आत्ता तुम्ही एकट्याच फुलं पुसताय, भांडणं मिटवताय, नवे सभासद घेताय, रुसलेल्यांना फोन करताय. याने कुणीही दमेल. पाच कामं पाच जणांना वाटून द्या : तक्ता एकाकडे, सत्राची जागा एकाकडे, कॅसेट्स-रेकॉर्डी एकाकडे, ग्रुपची शिस्त एकाकडे, पैसे एकाकडे. त्यातला निदान एकजण चाळिशीच्या आतला असू द्या. प्रत्येकाला वर्षाची मुदत, मग बदल. शिस्त पाहणाऱ्याने एखादा निरोप पुसला तर तुम्ही मध्ये पडायचं नाही, तुम्हाला पटलं नाही तरीही. स्वतःसाठी एकच काम ठेवा, जे तुम्हाला मनापासून आवडतं ते. पत्रावरून मला वाटतं ते ज्येष्ठांच्या घरी जाऊन त्यांच्या आठवणी टिपून घेण्याचं असावं. तुमच्या यादीतली जी माणसं ऐंशीच्या पुढे आहेत त्यांच्यापासून सुरू करा, आणि जाताना फोनवर ध्वनिमुद्रण करायला मुलाला बरोबर घ्या. पहिल्या घराला याच आठवड्यात फोन करा.